नाशिकच्या मातीत अनंत: पानं पिवळी, कळ्या गळतात

मेथीकूट | २३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. अनंताबद्दल जुन्या धाग्यांवर बरंच काही आहे, पण ते बहुतेक पुण्या-मुंबईचं आणि कोकणातलं. नाशिककरांसाठी वेगळा धागा काढतेय.

पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो हाऊस आहे. पुढे मातीचा जेमतेम तुकडा. तिथे कंपाउंडच्या भिंतीलगत एक अनंत आहे आणि दुसरा गच्चीवर कुंडीत. जमिनीतल्याला नवी पालवी फुटते तीच पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. कुंडीतला दिसायला बरा आहे, पण कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की पिवळ्या पडून गळतात. शेणखत घातलं, एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे मिश्र खत दिलं. नर्सरीवाल्याने पांढऱ्या पुडीतलं एक 'टॉनिक' दिलं, त्यावर नाव नाही की गाव नाही. पाणी दोन्हींना बोअरचं.

दोघांचा आजार एकच की वेगवेगळा? आणि मुख्य म्हणजे नाशिकला अनंत नीट होतो का कुणाकडे?

---

पंचवटीकर | २३ फेब्रुवारी, रात्री १०:०५

आधी एक पान तोडून बघा. देठातून पांढरा चीक आला तर तो अनंत नाही, डबल तगर आहे. लहान रोपं शेजारी शेजारी ठेवली तर भलेभले फसतात आणि विकणारेही सर्रास एकाच्या नावाने दुसरं देतात. अनंताला चीक नसतो. त्याचं पान जाड, चकचकीत, शिरा खोल रुतलेल्या. फूल आलं तर प्रश्नच नाही, अनंताचा वास जिन्यात येतो.

---

मेथीकूट | २३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

तोडून पाहिलं. चीक नाही. अनंतच.

---

चहाटळ | २३ फेब्रुवारी, रात्री १०:३१

आंबट ताक ओता. आठवड्यातून एकदा चहाचा चोथा. झाडाला आंबट माती लागते, बास. आमची आजी एवढंच करायची आणि अनंत छपरापर्यंत गेला होता.

---

देवगडकरीण | २३ फेब्रुवारी, रात्री १०:४४

आजी राहायची कुठे? कोकणात असेल तर ताक नसतं ओतलं तरी गेला असता छपरापर्यंत. आमच्याकडे अनंत विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या मागे कुठेही वाढतो, कुणी ढुंकून बघत नाही. जांभ्याची लाल माती, बदाबदा पाऊस. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा 'अनंताचं करावं काय लागतं' हा प्रश्नच मला नवा होता.

---

चहाटळ | २३ फेब्रुवारी, रात्री १०:५०

आजी चिपळूणची. 🙈

---

बागाईतदार_निफाड | २४ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

ताई, तुमचे दोन आजार वेगळे आहेत. आधी जमिनीतल्याचं बोलू.

पिवळेपणा कुठून सुरू होतो ते बघायचं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी होत असतील तर मॅग्नेशियम. जुन्या पानांपासून सगळं झाडच फिकट होत गेलं तर नत्र. आणि माती ओली असूनही पानं पिवळी पडून लोंबत असतील तर मुळं कुजलीत, तिथे कुठलंही खत घालणं म्हणजे झाड लवकर मारणं. (थंडी सरताना आतली चार-दोन जुनी पानं पिवळी होऊन गळतात, ते नेहमीचंच. त्यावर धावपळ नको.)

तुमचं लोहाचं आहे. पण मातीत लोह नाही असं नाही. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकातून झालेली, लोहाला तोटा नाही. भानगड अशी की तिचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका वर तितकी माती कमी आंबट) आठच्या आसपास आणि वर मोकळा चुना. अशा मातीत लोह विरघळतच नाही. ताट वाढलेलं आहे, हात बांधलेले आहेत. त्यात तुम्ही वरून आणखी वाढताय. एकोणीस-एकोणीसमधला स्फुरद (फॉस्फरस) जास्त झाला की तो लोहाला आणखी अडवतो. ते आज बंद करा. बिननावाची पुडी तर आधी.

आमच्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यात चुनखडीच्या रानात द्राक्षवेलही असेच पिवळे पडतात. अनंत तर त्याहून नाजूक, त्याला पीएच पाच ते सहाच्या दरम्यान लागतो. कॉफीच्या कुळातलं झाड आहे ते, आणि कॉफीला कशी माती लागते ते सगळ्यांना माहीत आहे.

एक करा. दोन वाट्यांत सुकी माती घ्या, एक भिंतीजवळची, एक भिंतीपासून लांबची. दोन्हींवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. कितपत फसफसते ते इथे लिहा.

---

मेथीकूट | २४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

केलं! लांबच्या मातीत बारीक बुडबुडे आले, कान लावला तर चुरचुर ऐकू येते इतपत. भिंतीजवळची माती मात्र सोड्यासारखी उसळली. इतका फरक कसा?

---

पंचवटीकर | २४ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

बिल्डर. प्लास्टर करताना खाली पडलेला माल, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या झटकलेल्या, सगळं भिंतीच्या पायाशी ढकलतात आणि वर चार बोटं काळी माती पसरून 'गार्डन' म्हणून देतात. एक फूट खणून बघा, डबर निघेल. शिवाय पावसात भिंतीवरून ओघळणारं पाणीही चुना घेऊन खाली येतं. तिथे कण्हेर लावा, बोगनवेल लावा, अनंत नको.

---

चहाटळ | २४ फेब्रुवारी, दुपारी १:००

मग गंधक टाकायचं ना मातीत? इंटरनेटवर सगळीकडे तेच लिहिलंय.

---

बागाईतदार_निफाड | २४ फेब्रुवारी, रात्री ८:२५

गंधकाचं गणित मांडून बघा. शंभर किलो मातीत एक टक्का चुना म्हणजे एक किलो चुना. तो संपवायला तीनशे वीस ग्रॅम गंधक लागतं. तेही जिवाणूंनी त्याचं आम्ल केल्यावर, म्हणजे महिने जातात. आणि भिंतीजवळच्या मातीत चुना एक टक्क्यावर थांबलेला नसणार. चुना पूर्ण संपेपर्यंत पीएच फारसा हलत नाही. इतकं गंधक ओतून ती माती झाडाच्या कामाची राहत नाही. ज्या मातीत मोकळा चुना नाही, नुसता पीएच थोडा वर आहे, तिथे गंधक चालतं. कुंडीत चालतं. भिंतीलगत नाही.

ताक आणि व्हिनेगर यांचंही तेच. दोन-चार दिवस फरक वाटतो, मग जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि माती जिथल्या तिथे. ताकाने वर मुंग्या आणि माश्या येतात त्या वेगळ्या. वापरलेल्या चहाच्या चोथ्यात आंबटपणा जवळपास उरलेला नसतो. आच्छादन म्हणून धुऊन टाका, वाईट नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. साखरेचा असेल तर टाकूच नका.

राख आणि अंड्याची टरफलं अनंताच्या जवळपासही नकोत. दोन्ही पीएच वर नेतात.

---

देवगडकरीण | २४ फेब्रुवारी, रात्री ८:५०

अंड्याची टरफलं!! प्रत्येक बागकाम ग्रुपवर कुणी ना कुणी 'सगळ्या फुलझाडांना टरफलं' सांगतंच. माझ्या जावेने सगळ्या कुंड्यांना मिक्सरमधून काढून घातली आहेत. तिला हा धागा पाठवते.

---

ध्रुवनगरी | २५ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

माझे अनंत कुंडीत आहेत आणि दरवर्षी फुलतात, त्यामुळे दुसऱ्या आजाराबद्दल मी लिहिते.

कळी गळण्यामागे नाशिकची हवा हे मोठं कारण. अनंताची कळी गार रात्रींत धरते, साधारण पंधरा ते अठरा अंशांत. ते आपल्याकडे थंडीत आपोआप होतं. मुंबईकरांना ते सुख कमीच. पण धरलेली कळी फुगायला वेळ घेते आणि नेमकं तेव्हाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, नाशिकला रात्री १४-१५ आणि दुपारी ३४-३५ असा खेळ सुरू होतो. हवा कोरडी. गच्चीवर तर वाराही. अशात एक दिवस कुंडी वाळली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही बादलीभर पाणी ओतलं, की कळ्या गळाल्याच. पुढे मे महिन्यात रात्रीसुद्धा वीसच्या वर राहू लागल्या की गळ परत वाढते.

त्यामुळे कळी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत माझे नियम कडक असतात. कुंडीची जागा बदलायची नाही. दिशासुद्धा फिरवायची नाही. छाटणी नाही, खत नाही, रीपॉटिंग तर नाहीच. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर पाणी द्यायचं नाही, कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत द्यायचं. वरून उसाच्या पाचटाचा जाड थर. सकाळचं ऊन एक वाजेपर्यंत, त्यानंतर सावली. तुमच्या गच्चीवर सावलीच नसेल तर पन्नास टक्के सावलीवाली हिरवी नेट बांधा, पण ती आत्ता बांधा. एप्रिलच्या मध्यावर बांधाल तोवर कळ्या गेलेल्या असतील.

सकाळी दहानंतर पानांवर पाणी मारू नका. कोरडी हवा म्हणून लोक दुपारी फवारत बसतात. त्यापेक्षा खडी भरलेल्या पसरट ताटलीत पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवली तर बरं, फक्त कुंडीचं बूड पाण्यात बुडता कामा नये. चार कुंड्या दाटीने ठेवल्या तरी त्यांच्यात हवा जरा दमट राहते.

आणि गळालेली कळी एकदा उलगडून बघा. आत बारीक पिवळे-काळे किडे पळताना दिसले तर फुलकिडे आहेत, मग हवेला दोष देऊन उपयोग नाही.

---

मेथीकूट | २५ फेब्रुवारी, दुपारी ४:००

कळी उलगडली. किडे नाहीत. पण दर रविवारी मी कुंड्या धुऊन गच्चीवर जागा बदलते, सगळ्यांना ऊन मिळावं म्हणून. 😐 पाण्याचं काय करू? बोअरशिवाय पर्याय कमी आहे.

---

बागाईतदार_निफाड | २५ फेब्रुवारी, रात्री ९:०५

पाणी हाच मूळ मुद्दा आहे. कुंडीत कितीही चांगली माती भरा, बोअरचं जड पाणी रोज थोडा थोडा चुना आणून टाकतं. वर्षा-दोन वर्षांत लाल माती पण फसफसायला लागते. कुंडीच्या काठावर पांढरी कड धरली असेल, ती बघा. ती त्याचीच.

महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ हलकं असतं. पिण्याचं भरून झालं की एक बादली अनंतासाठी रात्रभर उघडी ठेवा. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप लावा, त्याच्यासारखं पाणी नाही. अगदीच बोअर असेल तर दहा लिटरच्या बादलीत किराणा दुकानातलं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) अर्धा चमचा विरघळवा, पीएचच्या पट्टीने बघा, सहाच्या आसपास आलं की बास. दर वेळी नको. त्याचा परिणामही ताकासारखाच तात्पुरता, पण तेवढ्या दिवसांत मुळं लोह उचलतात. आरओचं टाकाऊ पाणी देऊ नका, त्यात सगळे क्षार दुप्पट होऊन आलेले असतात.

आता औषध. दोन रस्ते.

एक, हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. पानांवर फवारायला लिटरला दोन-तीन ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूफूल, उन्हं उतरल्यावर. दहा-बारा दिवसांनी परत. स्वस्त आहे, लवकर रंग येतो, पण फक्त त्या पानांपुरता. पुढची पालवी परत पिवळी. फरशीवर थेंब पडला तर गंजाचा डाग जन्मभर.

दुसरा, चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. इथे दुकानदार फसवतात असं नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. साधी पिवळसर पावडर देतात ती बहुधा ईडीटीएवाली. साडेसहाच्या वर पीएच गेला की ती लोह सोडून देते आणि पैसे मातीत. आपल्याला ईडीडीएचए पाहिजे. काळपट तांबडी असते, पाण्यात टाकली की लालभडक रंग सुटतो. पुडीवर लोह सहा टक्के लिहिलेलं असतं. महाग आहे, पण पीएच आठच्या वरसुद्धा टिकते. बारा इंची कुंडीला एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, संध्याकाळी, मुळाशी. द्राक्षवाल्यांच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळेल, सुटी मागितली तर देतात.

जुनं पिवळं पान हिरवं झालं का ते बघत बसू नका. नवीन पालवी कशी येते ते बघा.

खत द्यायचं तर अमोनियम सल्फेट. नत्र पण मिळतं आणि माती आंबट व्हायला मदतही होते. वाढीच्या दिवसांत महिन्याला कुंडीला एक चहाचा चमचा, तोही सपाट, ओल्या मातीत. थंडीत नाही.

---

गुलशनाबादी | २६ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

सगळं वाचलं. आता मी पिन मारतो.

मुघलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणायचे. इथे गुलाब होतो, मोगरा होतो, शेवंती होते, निशिगंध होतो. या मातीला जे आवडतं ते लावा ना! पट्ट्या, चिलेट, लिंबूफूल, हिरवी नेट... एका झुडपासाठी आयसीयू उघडलाय तुम्ही. मोगऱ्याला जानेवारीत पाण्याचा ताण द्या, पानं ओरबाडा, काड्या एक तृतीयांश छाटा, शेणखत घालून पाणी सोडा. मार्चपासून ओंजळी भरतात. काळ्या मातीत, बोअरच्या पाण्यात. कुंपणाला कामिनी लावा, पाऊस पडला की गल्ली घमघमते.

---

देवगडकरीण | २६ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

मोगरा आहे हो आमच्याकडे, तुमच्या सल्ल्याआधीपासून. पण अनंताचं एक फूल अंबाड्यात घातलं की दुसरं काही लागत नाही. मोगऱ्याच्या ओंजळी लागतात.

---

गुलशनाबादी | २६ फेब्रुवारी, सकाळी ९:२२

एका फुलासाठी वर्षभर सेवा. चालू द्या.

---

बागाईतदार_निफाड | २६ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

द्राक्षही या मातीत सुखासुखी येत नव्हती, भाऊ. डॉगरीज नावाच्या काटक द्राक्षाच्या खुंटावर (मुळाकडच्या भागावर) कलमं बांधायला लागलो तेव्हा खारवट पाण्यात बागा तगल्या. आवडतं ते लावा म्हटलं असतं तर नाशिकला आज बाजरीच असती.

बाय द वे, अमेरिकेत फ्लोरिडाकडे अनंताचंही असंच करतात. तिथल्या रेताड मातीत सूत्रकृमी (मातीतले अतिबारीक जंत) मुळं खातात, म्हणून त्याच कुळातल्या थनबर्जिया नावाच्या आफ्रिकी जातीच्या खुंटावर अनंताचं कलम बांधतात.

---

डोंगरवाट | २६ फेब्रुवारी, रात्री ११:००

अवांतर होईल, पण अनंताचे सख्खे भाऊबंद आपल्या डोंगरांत रानोमाळ आहेत. डिकेमालीचं झाड. कोरड्या पानगळीच्या जंगलात, खडकाळ उतारावर, कुणी पाणी देत नाही की लोह. पालवीच्या कळीच्या टोकाशी पिवळा डिंक साठतो, तोच बाजारात डिकेमाली म्हणून येतो. फूल पांढरं उमलतं आणि मग पिवळं होत जातं, अनंतासारखंच. ट्रेकला गेलात तर बघा.

आणखी एक. आपल्या बागेत असतो तो दुहेरी पाकळ्यांचा, त्याला फळ धरत नाही. एकेरी फुलाच्या अनंताला नारिंगी फळं येतात. चीन-जपानमध्ये त्यातून खाण्याचा पिवळा रंग काढतात. केशराला रंग ज्या क्रोसिनमुळे येतो तेच त्यात असतं.

---

मेथीकूट | १ मार्च, दुपारी २:३०

भिंतीजवळ खणलं. पंचवटीकर, तुमचं नाव काढलं घरात सगळ्यांनी. एक फुटाखाली अख्ख्या विटा, टाइल्सचे तुकडे आणि सिमेंटचा दगड झालेला गोळा निघाला.

आता झाड हलवायचं की नाही? पालवी आहे, कळ्या नाहीत.

---

ध्रुवनगरी | १ मार्च, दुपारी ३:०५

आत्ता हलवू नका, ऊन चढतंय. पावसाळा लागेपर्यंत मुळाशी ईडीडीएचए देऊन तगवा. दोन-तीन चांगले पाऊस झाले की हलवा. तोवर जागा तयार करा.

खड्ड्यापेक्षा उंच वाफा बरा. खड्ड्यात लाल माती भरली तरी आजूबाजूच्या काळ्या मातीतलं पाणी त्यात उतरतं आणि पावसाळ्यात तो हौद होतो. भिंतीपासून तीन-चार फूट लांब, दीड-दोन फूट उंच, विटा नुसत्या रचून, सिमेंट न लावता. आत त्र्यंबक-इगतपुरी बाजूची तांबूस माती मिळाली तर उत्तम (तीही वाटीत घालून फसफस बघून मगच घ्या), त्यात कुजलेला पालापाचोळा आणि धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यात मीठ असतं. कुंडीलाही हेच मिश्रण. काळी माती शून्य.

नवीन रोप आणणाऱ्यांसाठी: बाहेरगावहून ट्रकने येणाऱ्या रोपांच्या मुळाशी बऱ्याचदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर वरचं पाणी बाजूने निघून जातं, गोळा आतून कोरडा. रोप बादलीत भिजत ठेवा, कडेची माती बोटांनी अलगद सैल करा, मग लावा. पूर्ण धुऊन मुळं उघडी करू नका, अनंत रुसतो.

---

पिठ्या_ढेकूण | १० एप्रिल, रात्री ९:१५

माझ्या अनंताची पानं काळी पडलीत. काजळी धरल्यासारखी, बोटाने पुसली तर निघते. बुरशीनाशक मारलं, उपयोग नाही.

---

ध्रुवनगरी | १० एप्रिल, रात्री ९:४०

(आयडी काय निवडलाय!) काजळी ही नंतरची गोष्ट. पानाच्या मागे बघा, पांढरी माशी, मावा किंवा तुमचे नामबंधू असतील. ते गोड चिकटा सोडतात, त्यावर काजळी वाढते. मुंग्या वर-खाली करत असतील तर नक्कीच. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवा. मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साधा साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. पिठ्या ढेकूण बेचक्यात असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. मुंग्यांची वाट बंद केलीत की अर्धं काम झालं.

कडक उन्हात निमतेल मारू नका, पानं भाजतात.

---

मेथीकूट | १९ एप्रिल, सकाळी ७:२०

कुंडीतल्याला फुलं आली! एकदम नाही, दोन-तीन करत. जागा बदलणं बंद, नळाचं पाणी, दुपारी नेट. जमिनीतल्याची नवीन पालवी पोपटी आली आहे, पिवळी नाही.

फूल तोडून आणलं तर दुपारपर्यंत पाकळ्यांना तपकिरी डाग पडतात. काय करायचं?

---

देवगडकरीण | १९ एप्रिल, सकाळी ८:००

पाकळीला बोट लावायचं नाही, देठाला धरून खुडायचं. जिथे हात लागतो तिथे डाग पडतो. पहाटे नुकतं उमलायला लागलेलं घ्या, पसरट वाडग्यात पाण्यावर सोडा. दुसऱ्या दिवशी साईच्या रंगाचं होतं, वास तेव्हाही असतो. अभिनंदन!

---

मेथीकूट | २ जुलै, सायंकाळी ६:४५

धागा वर काढतेय. झाड उंच वाफ्यात हलवलं, तग धरलाय. कुंडीतल्याचा बहर संपला. छाटू का? आणि कलमं करायची आहेत, शेजारच्या तिघींनी मागितलीत.

---

बागाईतदार_निफाड | २ जुलै, रात्री ८:१०

आत्ताच छाटा. उशीर करू नका. द्राक्षाची गोडी (फळांसाठीची) छाटणी ऑक्टोबरात असते म्हणून अनंताचीही तेव्हा करणारे लोक पाहिलेत. ऑक्टोबरात छाटलं तर कळी धरणारे शेंडेच जातात. हलक्या हाताने, वाळलेल्या आणि आत घुसणाऱ्या काड्या काढा, लांब वाढलेले शेंडे चार-सहा इंच मारा. हलवलेल्या झाडाला मात्र यंदा कात्री लावू नका.

छाटलेल्या काड्या फेकू नका. पेन्सिलीहून बारीक, खाली किंचित टणक आणि वर हिरवी अशी चार-पाच इंची काडी घ्या. खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवून अर्धी कापा. कोकोपीट आणि वाळू अर्धी अर्धी, वर प्लास्टिकची पिशवी, सावलीत. पाच-सहा आठवड्यांत मुळं धरतात. नुसत्या पाण्याच्या बाटलीतही धरतात, पण ती मुळं नाजूक, मातीत लावताना जपून. मोठं रोप लवकर हवं असेल तर गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडा. पावसाळा गुटीचाच.

---

पंचवटीकर | २ जुलै, रात्री ८:३५

माझ्या अनंतावर बोटाएवढी हिरवी अळी, मागे शिंग. एका रात्रीत फांदी बोडकी केली.

---

डोंगरवाट | २ जुलै, रात्री ९:०२

मारू नका!! शेपटाला शिंग आहे म्हणजे हॉक मॉथची अळी. अनंतावर असते ती बहुधा पारदर्शक पंखांच्या पतंगाची. तो दिवसा उडतो, फुलासमोर हवेत थांबून मध पितो, लोकांना भुंगा किंवा लहान पक्षी वाटतो. कॉफी, अनंत अशा त्याच कुळातल्या झाडांवर वाढतो.

---

पंचवटीकर | २ जुलै, रात्री ९:१०

आणि माझी फांदी?

---

डोंगरवाट | २ जुलै, रात्री ९:१४

पावसाळा आहे, पानं परत येतात. एक-दोन अळ्या असतील तर राहू द्या. झाड लहान असेल तर उचलून मोठ्या अनंतावर नेऊन सोडा.

---

पंचवटीकर | २ जुलै, रात्री ९:१६

मोठा अनंत कुणाकडे आहे? ध्रुवनगरी ताई, पत्ता विपू (निरोप) करा.

---

ध्रुवनगरी | २ जुलै, रात्री ९:३०

अजिबात नाही. 😄 गुलशनाबादींच्या कामिनीवर सोडून बघा.

---

गुलशनाबादी | ३ जुलै, सकाळी ७:०५

कामिनीवर ती जगणार नाही, त्यामुळे मी निवांत. मेथीकूट, त्या काड्यांपैकी एक उरली तर सांगा. बायकोने हा धागा वाचलाय.